शेंदराची रेघ

मी आयुष्यभर एकच काम केलं. माल एका जागेहून दुसऱ्या जागी जाताना वेळ कुठे वाया जातो ते शोधायचं आणि ती खोट काढून टाकायची. मिठागर, कारखाना, गोदाम, जिथे नेमलं तिथे हेच केलं. बरं केलं, असं लोक म्हणतात. मागच्या महिन्यात कचेरीत माझा छोटासा सत्कार झाला. साहेबांनी भाषणात सांगितलं की, यांची सुरुवात ठाण्याच्या खाडीवर झाली, भरतीचा तक्ता यांनी केला, आणि तेव्हापासून यांनी मागे वळून पाहिलं नाही.

हार गळ्यात होता म्हणून मान खाली घालणं सोपं गेलं.

डोंबिवलीला घरी आलो तेव्हा जेवण जाईना. बायकोला म्हटलं, पित्त झालंय. लग्नाला बारा वर्षं झाली, तिलाही मी ही गोष्ट कधी सांगितलेली नाही. आता लिहितो. जमेल तितकं सरळ लिहितो.

स्वातंत्र्यानंतर दोन-तीन वर्षांनी मी ठाण्याला एका मीठ-व्यापाऱ्याच्या कचेरीत कारकून म्हणून लागलो. शेठ मुंबईत असत, ठाण्याचा कारभार मॅनेजर बघत. खाडीच्या काठाने दक्षिणेकडे आमची मिठागरं होती. तिथून पोत्यांत भरलेलं मीठ मचव्यांतून भरतीबरोबर वर ठाण्याच्या बंदरात यायचं, बंदरातून बैलगाड्यांनी मालधक्क्यावर, आणि तिथून रेल्वेच्या डब्यांतून घाटावर. रोजचं दुखणं असं की डबे लागत तेव्हा मचवे यायचे नाहीत, आणि मचवे येत तेव्हा डबे नसायचे. रेल्वे डबे काही दिवसभर उभे ठेवत नाही, रिकामे ओढून नेते. मग मीठ बंदरावर पडून राही आणि घाटावरचे व्यापारी पत्रावर पत्रं पाठवत.

मचवे कधी निघायचे, किती भरायचे, हे सगळं एका माणसाच्या हातात होतं. त्याला सगळे तांडेल म्हणत. सगळ्या मचवेवाल्यांचा म्होरक्या. पन्नाशी उलटलेला आगरी माणूस, खाडीकाठच्या गावातला. बापही तांडेल, आजाही तांडेल. पहाटे बंदरावर उभं राहून तो सांगायचा, आज पूर्ण भरा, आज पाऊण भरा, आज हलू नका. मॅनेजरांनी कारण विचारलं तर म्हणायचा, "पानी नाय." एवढंच. मॅनेजर चिडत. पाणी तर समोर दिसतंय, म्हणायचे.

आता मी त्यांना मनात 'ते' म्हणतो. तेव्हा कचेरीत आम्ही सगळे अरे-तुरे करायचो, मीही. त्यांच्या बोलीत तर सगळ्यांनाच 'तू'. मॅनेजरांनाही.

मी चोवीस वर्षांचा होतो, इंटरला गणितात बरे गुण होते, आणि मला काहीतरी करून दाखवायचं होतं. मॅनेजरांना म्हटलं, तांडेलच्या डोक्यात जे आहे ते कागदावर आणतो. मग डबे त्याप्रमाणे मागवता येतील, महिनाभर आधी. मॅनेजर म्हणाले, आण, पण तो सांगेल का?

तांडेलनी मात्र आनंदाने सांगितलं. सबंध एक हंगाम, दिवाळीपासून पावसाच्या तोंडापर्यंत, मी सकाळी कचेरीआधी बंदरावर जायचो. ते दगडावर बसलेले असत, मी त्यांच्या शेजारी वही घेऊन. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ निघते. पंचमीला पावणेचार. पण ती समुद्राच्या तोंडाशी. इथे खाडीत आत पाणी यायला वेळ लागतो, म्हणून अर्धा तास मिळवायचा, पंचमीला सव्वाचार. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा मचवा गळ्यापर्यंत भरा. अष्टमी-नवमीला भांगाचं पाणी, म्हणजे भरती चढतच नाही नीट, तेव्हा पाऊण भरा. बंदराच्या अलीकडे गाळाचा एक उंचवटा आहे, मचवा अडकतो तो तिथेच. हे सगळं मी लिहून घेतलं. तिथीप्रमाणे, पक्षाप्रमाणे, महिन्याप्रमाणे.

मी मान खाली घालून लिहू लागलो की ते खूश व्हायचे. एकदा म्हणाले, "माज्या घरात कोन इचारत नाय बग. पोरगा नाय, जावाय हाय, त्यो मचव्याव बसला का झोपतंय." आणि हसले. मग जरा लाजून, "भाऊसाहेब, कागदाव माझा नाव घालशील ना?"

मी म्हटलं, घालीन.

एक गोष्ट मी वहीत घेतली नाही. बंदराच्या पायरीपाशी पाण्यात एक जुना सागाचा खांब होता, कधीकाळी मचवे बांधायला रोवलेला. त्याच्यावर शेंदराची एक आडवी रेघ होती, दर नारळी पौर्णिमेला ते ती ताजी करायचे. रोज सकाळी सगळ्यात आधी ते खाली उतरायचे, खांबावर तळहात ठेवायचे, जरा थांबायचे आणि तोच हात कपाळाला लावायचे. मी दर वेळी तेवढा वेळ पेन्सिल थांबवून उभा राहायचो. देवाधर्माची गोष्ट, आपण मध्ये बोलू नये, असं मला वाटायचं. आम्ही शिकलेली माणसं अशा वेळी फार सभ्य असतो. आत कुठेतरी थोडं हसतही असतो.

तक्ता तयार झाला. एका पानात बसवला. डाव्या बाजूला तिथी, मग भरतीची वेळ, मग भार: पूर्ण, पाऊण किंवा बंद. मॅनेजरांनी तो मुंबईला पाठवला, शेठनी छापून घेतला, एक प्रत काच लावून त्यांच्या कचेरीत टांगली. खाली नाव मॅनेजरांचं होतं. माझं नव्हतं, मग तांडेलचं कुठून असणार? मी त्याबद्दल बोललो नाही. मला बढती मिळणार होती.

पुढचं पत्र शेठकडून आलं की आता तांडेलची गरज नाही. मचवेवाल्यांना वाचता येत नाही म्हणून बंदरावरचा मुनशी रोज सकाळी तक्ता वाचून दाखवील. तांडेलनी हवं तर आपल्या मचव्यावर साधा खलाशी म्हणून राहावं. ही बातमी त्यांना सांगायला मॅनेजरांनी मला पाठवलं. मी सांगितली. त्यांनी ऐकून घेतली आणि विचारलं, "मंग सकालचा बंदराव कोन जाईल?" मी म्हटलं, मुनशी. त्यांनी मान हलवली. ते साधे खलाशी म्हणून राहिले नाहीत. मचवा जावयाच्या हातात दिला आणि घरी बसले. त्यांच्या गावात ती मोठी मानहानी होती. तांडेलचा मान म्हणजे गावच्या पालखीला पहिला खांदा, लग्नात पहिला विडा, हे मला नंतर कळलं. तेव्हा विचारलंही नव्हतं.

तक्ता चालू झाला आणि खरंच चालला. डबे आणि मचवे एका वेळी येऊ लागले. मालधक्क्यावरचा स्टेशनचा बाबूसुद्धा म्हणाला, काय जादू केलीत हो. पंधरा दिवसांनी तांडेल कचेरीच्या दारात येऊन उभे राहिले. आत या म्हटलं तर आले नाहीत. मीच बाहेर गेलो.

ते म्हणाले, "खांब नाय घातलास तू कागदाव."

मला कळेना. त्यांनी समजावून सांगितलं, वहीतल्यासारखंच, सावकाश. आदल्या भरतीचं पाणी खांबावर कुठवर चढलं ते ओलीवरून कळतं. ओल शेंदरापर्यंत असली तर तिथी सांगते ते खरं. चार बोटं खाली असली तर पूर्ण नाही, पाऊणच भरायचा. वीतभर खाली असली तर मचवा हलवायचाच नाही, तिथी काही का असेना. उत्तरेचा वारा दोन-तीन दिवस लागून राहिला की तो खाडीतलं पाणी बाहेर लोटतो, आणि भरती यायची तेव्हाच येते पण चढत नाही. म्हणून रोज हात लावून बघायचं. आणि पाण्याला हात लावला की कपाळाला लावायचा, एवढंच. देव वगैरे तिथे कुणी नव्हता.

मी उन्हात उभा होतो. 

"तुना रोज बगलास ना मना हात लावताना," ते म्हणाले. "मना वाटला तुना लिवलास."

मी म्हटलं, बघतो. ते म्हणाले, "मुनशीला सांग. त्याना हात लावून बगला तरी पुरं." आणि गेले. त्यांनी आपली जागा परत मागितली नाही, हे मुद्दाम लिहून ठेवतो. नंतर मी स्वतःला बरीच वर्षं असं पटवत होतो की म्हाताऱ्याला जागा परत हवी होती म्हणून तो आला होता.

मी टेबलाशी जाऊन तक्त्याच्या कचेरीतल्या प्रतीवर, तळाला, पेन्सिलीने लिहिलं: 'आधी खांबावरची ओल पाहणे.' मग वाचलं. हे वाक्य मॅनेजरांना दाखवायचं म्हणजे छापलेला तक्ता अपुरा आहे हे कबूल करायचं. काचेत टांगलेला. आणि ओल पाहायची तर पाहणारा माणूस हवा, कारण मुनशी तो ओला खांब कुठून ओळखणार, कालची ओल आणि आजची लाट यांतला फरक त्याला कोण शिकवणार? म्हणजे तांडेलना बोलवा. म्हणजे मी काय केलं? माझ्या बढतीचं पत्र अजून यायचं होतं.

रबर घेऊन मी ते वाक्य पुसलं. कागद तिथे थोडा खरवडला गेला. पुढे तो तक्ता हातात आला की माझं बोट त्या जागी जायचं.

मुनशीला मी काही सांगितलं नाही. विसरलो नव्हतो. रोज आठवत होतं.

माघात तीन दिवस उत्तरेचा वारा सुटला. चौथ्या दिवशी द्वादशी होती. तक्त्यात द्वादशी म्हणजे सकाळी साडेनऊ, पूर्ण भार. मी मालधक्क्यावर होतो, पाच डबे लागले होते. दहा वाजले, साडेदहा झाले, बंदरावरून बैलगाड्या येईनात. मला राग येत होता, तोही मचवेवाल्यांचा. मी स्टेशनच्या बाबूला म्हटलं की ही माणसं कागद हातात देऊनही सुधारायची नाहीत. हे शब्द मी बोललो तेव्हा खाडीत काय चाललं होतं ते मला अकराला कळलं.

पहिला मचवा गाळाच्या उंचवट्यावर बसला होता. गळ्यापर्यंत भरलेला. तो जावयाचा होता. पाणी उतरायच्या आत निघावा म्हणून तो आणि आणखी दोघं कमरेएवढ्या पाण्यात उतरून खांदा लावत होते. पाणी उतरत गेलं आणि मचवा एका अंगावर कलला, पोती घसरली, दोघं निसटले, जावयाचा पाय खाली सापडला. मागचे मचवे परत फिरले. लोकांनी पोती चिखलात टाकून मचवा हलका केला, हातांनी गाळ उपसला. मी पोहोचलो तेव्हा त्याला नुकतं काढलं होतं. सगळीकडे फुटलेली पोती, आणि तो मिठाच्या चिखलात पडलेला, दात आवळून. त्याच्या जखमेवरचं मीठ एक बाई पदराने पुसत होती. ती त्याची बायको, तांडेलची मुलगी.

मी उभा होतो ती पायरी बंदराची. खाली खांब दिसत होता. शेंदराच्या रेघेच्या खाली वीतभर लाकूड कोरडं होतं.

पाय वाचला नाही. गुडघ्याखाली काढावा लागला.

चार दिवसांनी मुंबईहून शेठचे एक मोठे अधिकारी चौकशीला आले. कचेरीत खुर्च्या मांडल्या. दारात मचवेवाल्यांची गर्दी, तिच्यात ती मुलगीही. मॅनेजर म्हणाले की मचवा प्रमाणाबाहेर भरला असावा. अधिकाऱ्यांनी मला विचारलं, तक्त्यात काही चूक होती का?

मी म्हटलं, "तक्ता बरोबर आहे."

शब्द खरे होते. द्वादशीची वेळ बरोबरच होती.

मग त्यांनी तांडेलना बोलावलं. ते पुढे येऊन उभे राहिले. अधिकाऱ्यांनी विचारलं, पाणी चढणार नाही हे आधी कळण्यासारखं होतं का? तांडेल म्हणाले, होतं, आणि खांबाचं सगळं सांगितलं. अधिकारी हुशार होते, चटकन समजले. खुर्चीत पुढे झुकून त्यांनी विचारलं, "हे तुला ठाऊक होतं, तर तू कचेरीत सांगितलं का नाहीस?"

तांडेलनी माझ्याकडे पाहिलं.

मी टेबलावरच्या दौतीकडे बघत होतो. पितळेची दौत, झाकणाला एक पोचा. ते माझ्याकडे बघताहेत हे मला न बघता कळत होतं. ते थांबले. किती थांबले? लिहायला जितका वेळ लागतोय त्याहून जास्त. मी वर पाहिलं असतं तर पुरे होतं, बोलायचीही गरज नव्हती.

त्यांनी काहीच उत्तर दिलं नाही. दारातून कुणीतरी म्हणालं, जागा गेली ना, म्हणून गिळून बसला. अधिकाऱ्यांनी कागदावर काही लिहिलं. मी वर पाहिलं तेव्हा मुलगी दारात नव्हती.

मला बढती मिळाली. मचवे बंद झाले नाहीत, फक्त मुनशीला आता खांब दाखवायला दुसरा एक म्हातारा नेमला. म्हणजे जे एका ओळीने झालं असतं ते झालं, एक पाय गेल्यावर.

पुढे मी कल्याणच्या बाजूला एका कारखान्यात भांडारावर गेलो, तिथून वाहतुकीवर. पद्धत तीच ठेवली. सगळ्यात जुना माणूस गाठायचा, त्याच्याजवळ बसायचं, तो कशाकडे बघतो, कशाला हात लावतो ते सगळं लिहून घ्यायचं. आता मी काही सोडत नसे. म्हाताऱ्याने कपाळाला हात लावला तरी विचारायचो, का लावला? तक्ते पूर्ण निघत. आणि तक्ता पूर्ण झाला की तो माणूस घरी जायचा. कारखान्यात एक थट्टा होती माझ्यावर. मी वही घेऊन कुणाशेजारी बसलो की बाकीचे त्याला म्हणत, "चला काका, पेढे वाटा, सुटलात." मीही हसायचो.

चार वर्षांपूर्वी निरोप आला की तांडेल आजारी आहेत आणि माझी आठवण काढतात. ठाण्याला गेलो. तोपर्यंत मीठ लॉऱ्यांनी जाऊ लागलं होतं, बंदर गाळाने भरलं होतं. ते ओसरीवर गोधडी घेऊन पडले होते. मी बसलो आणि बसल्याबसल्या बोललो, कारण थांबलो असतो तर बोललो नसतो. म्हटलं, तुम्ही मला सांगितलं होतं. मी लिहिलं नाही. लिहून पुसलं.

"मना ठावं हाय," ते म्हणाले.

मी विचारलं, मग त्या दिवशी बोलला का नाहीत? त्यांनी गोधडी छातीपर्यंत ओढून घेतली. मग म्हणाले, "तू बोलशील असा वाटला. आनी मंग येल निंगून गेली."

आणि मग त्यांनी ज्यासाठी बोलावलं होतं ते सांगितलं. मुलगी त्यांच्याशी बोलत नव्हती. त्या दिवसापासून. तिचं म्हणणं, बापाने कारकुनावरच्या रागापायी खांबाची गोष्ट दडवली आणि तिच्या नवऱ्याचा पाय घेतला. ती नवऱ्याला घेऊन विठ्ठलवाडीला राहायला गेली होती, तो तिथे एका कारखान्याच्या फाटकावर बसायचा. बापाने दोनदा निरोप पाठवून खरं काय ते कळवलं, तर तिने उलट निरोप पाठवला की आता दुसऱ्यावर ढकलतोस का.

"माझा तिला खोटा वाटतंय," ते म्हणाले. "तू सांगलास तं तिला पटल. येवढा कर."

मी हो म्हटलं. पुढच्याच रविवारी गेलो.

एक खोली होती, पत्र्याची. तिने मला ओळखलं. नवरा कुबडी भिंतीला टेकवून बसला होता, त्याने माझ्यासाठी सरकून चटईवर जागा केली. तिने चहा ठेवला. तब्येतीचं विचारलं, कारखान्याचं विचारलं. मी म्हटलं, तुझ्या वडलांना बरं नाही. तिने कप माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "त्याला काय धाड भरलीय. पानी वलखनारा मानूस हाय त्यो. माज्या घरात पानी शिरताना गप बसला."

नवरा हळूच म्हणाला, जाऊ दे गं.

वाक्य माझ्या तोंडाशी होतं. फक्त म्हणायचं होतं, गप्प बसले ते नव्हते, मी होतो. त्या माणसाची विजार गुडघ्यापाशी दुमडून पिन लावलेली होती, आणि तो माझ्याकडे आदराने बघत होता, साहेब घरी आले म्हणून. मी चहा प्यायलो. म्हटलं, कुबडी लहान पडत असेल तर आमच्या कारखान्यात सुतार आहे. त्याने हात जोडले.

मी तिला सांगितलं नाही.

ठाण्याला उत्तर कळवलं नाही, परत गेलोही नाही. तांडेल श्रावणात वारले. मुलगी आली होती म्हणे, पण आत गेली नाही, वाट अडवून उभ्या बायकांच्या मागूनच परत फिरली. ही बातमी मला मुनशीने कल्याण स्टेशनवर सहज दिली, गाडी यायला वेळ होता म्हणून. त्यांनी शेवटी माझी वाट पाहिली का, हे मी त्याला विचारलं नाही.

म्हणून हे लिहिलं, तांडेलच्या मुलीला नेऊन द्यायला. आठ दिवस लागले. मी चांगलं लिहितो, कचेरीतले अहवाल मीच लिहितो, कुठे काय सांगायचं हे मला कळतं. पण काल पुन्हा सुरुवातीपासून वाचताना एक गोष्ट ध्यानात आली आणि हात थांबला. तिला वाचता येत नाही. हे मला आधीपासून ठाऊक होतं. तिच्या खोलीत भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिने दुधाचा हिशेब आकड्यांऐवजी चुलीतल्या कोळशाच्या रेघांनी ठेवला होता, तेव्हाच पाहिलं होतं. तरी मी बोलायचं सोडून लिहायला बसलो.

विठ्ठलवाडी इथून तीन स्टेशनं आहे. आज रविवार आहे. अजून दुपार आहे, आणि मी हे शेवटचं वाक्य नीट बसत नाही म्हणून तिसऱ्यांदा खोडतो आहे.